घटस्फोट, मुलाची पोटगी आणि ताबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू विवाह कायदा १९५५ किंवा विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालेल्यांसाठी आहे. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि गोव्यातल्या लग्नांबद्दल शेवटाकडे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. ती आईला केलेली मदत नव्हे आणि वडिलांचे उपकारही नव्हेत. नवरा-बायकोच्या भांडणात चूक कोणाची, यावरून मुलाच्या जेवणाचा आणि शाळेचा हिशेब बदलत नाही.

घटस्फोट मिळवण्याचे मार्ग कोणते?

दोन. दोघांची तयारी असेल तर परस्पर संमतीने (हिंदू विवाह कायदा, कलम १३ब). एकाचीच तयारी असेल तर कलम १३ मधले एखादे कारण सिद्ध करून : क्रूरता, दोन वर्षे सोडून जाणे, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. "आमचे पटत नाही" हे कारण कलम १३ मध्ये नाही. लग्न पूर्णपणे मोडले आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम १४२ खाली वापरते. मे २०२३ मध्ये घटनापीठाने ते स्पष्ट केले, पण कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा याचिका दाखल होत नाही. असह्य हालअपेष्टांचे प्रकरण असेल तर न्यायालयाची खास परवानगी घ्यावी लागते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात नेमके काय होते?

आधी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. वेगळे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. भाडे परवडत नाही म्हणून एकाच छताखाली, पण संसार बंद, अशी स्थितीही यात बसू शकते. याचिकेत ती नीट मांडावी लागते.

दोघांच्या सहीची एकच याचिका दाखल होते. सोबत लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि लग्नातले फोटो), दोघांची ओळखपत्रे, पत्त्याचे पुरावे आणि संमतीच्या अटी जोडतात. न्यायालयाचे विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, एकत्र आणि स्वतंत्रही. त्यानंतर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन "आमची संमती कायम आहे" असे सांगायचे. न्यायाधीश तेव्हा संमती दबावाखाली दिलेली नाही ना, मुलाचे काय ठरले, पैसे पोचले का, हे विचारतात. समाधान झाले की हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होतो.

सहा महिन्यांची मुदत माफ होते का?

होऊ शकते. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालानुसार ही मुदत शिथिल करता येते. पण पहिल्या तारखेआधीच दीड वर्ष वेगळे राहणे झालेले असावे, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळे खरोखर मिटलेले असावे. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा शेवटच्या मुद्द्यावर. "मुलाच्या भेटीचे नंतर बघू" एवढे एक वाक्य अटींत असले तरी काही मिटलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

मधल्या काळात एकाने संमती काढून घेतली तर?

हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही एकट्याने संमती मागे घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ पासून हे मान्य केले आहे. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकू नये आणि सगळी शेवटावरही ठेवू नये. थोडी पहिल्या तारखेला आणि उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट अंतिम तारखेला न्यायाधीशांसमोर, ही पद्धत दोघांनाही सांभाळते. स्त्रीधनाचे दागिने परत करायचे असतील तर वजनासह यादी करून, दोघांच्या सह्या घेऊनच हातात द्या-घ्या.

स्टॅम्पपेपरवर नोटरी करून फारकत घेतली आहे. चालते ना?

नाही. शंभराचा असो की पाचशेचा, स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीने लग्न मोडत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरते आणि द्विविवाहाचा गुन्हाही होतो. कलम २९(२) रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला वाव देते, पण ती रूढी त्या समाजात प्राचीन आणि अखंड असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसत्या "आमच्यात असेच होते" या म्हणण्यावर ते जमत नाही. जातपंचायतीच्या निवाड्यालाही कायद्यात किंमत नाही. तो मानला नाही म्हणून वाळीत टाकले तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

एकतर्फी दाव्याला किती वेळ लागतो?

वर्षे लागतात. समन्स, जाबदाराची (ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याची) लेखी कैफियत, मुद्दे काढणे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, निकाल असा क्रम असतो. सर्वांत जास्त वेळ समन्स बजावण्यात आणि उलटतपासात जातो. म्हणून जाबदाराचा घरचा, कामाच्या ठिकाणचा आणि गावाकडचा, तिन्ही पत्ते पहिल्याच दिवशी द्या. मुलाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज याचिकेसोबतच लावा. दावा पाच वर्षे चालला तरी मूल पाच वर्षे थांबू शकत नाही.

दावा कुठे करायचा? मी माहेरी आले आहे.

घटस्फोटाची याचिका लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले किंवा जाबदार जिथे राहतो तिथे करता येते. याचिका पत्नीची असेल तर ती सध्या राहते तिथेही. पोटगीच्या अर्जालाही हेच आहे. नवरा ठाण्यात आणि तुम्ही साताऱ्याला माहेरी असाल तर अर्ज साताऱ्यात चालतो. वांद्रे, पुणे, नागपूर, नाशिक अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. ते नसेल तिथे घटस्फोट दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि पोटगी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ मध्ये तशी तरतूद आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज आणि ओळखपत्र घेऊन जा किंवा १५१०० वर फोन करा. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे. टायपिंग, झेरॉक्स आणि नोटरीचा किरकोळ खर्च मात्र येतो.

घटस्फोट नको आहे. तरी मुलाची पोटगी मागता येईल का?

हो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते) घटस्फोटाचा दावा न लावताही अर्ज करता येतो. आई-वडिलांचे लग्न झालेले नसले तरी मुलाचा हक्क तेवढाच आहे. मारहाण किंवा छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याची सोय, संरक्षण आणि मुलाचा खर्च एकाच अर्जात मागता येतो. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा किंवा १८१ वर फोन करा.

एकापेक्षा जास्त कायद्यांखाली अर्ज केला असेल तर आधीच्या प्रत्येक आदेशाची माहिती पुढच्या न्यायालयाला द्यावीच लागते. आधी मिळालेली रक्कम नंतरच्या आदेशात वळती होते. हे लपवले आणि उघड झाले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मुलाच्या पोटगीची रक्कम कशी ठरते? पगाराच्या पंचवीस टक्के असते ना?

असा नियम नाही. २०१७ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीसाठी निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य धरला होता, त्यावरून हा आकडा पसरला. कायद्यात तक्ता नाही. मुलाच्या गरजा, दोघांचे खरे उत्पन्न, मुलाचे आजवरचे राहणीमान आणि देणाऱ्यावर अवलंबून असलेली इतर माणसे पाहून रक्कम ठरते.

सगळा भार असतो तो उत्पन्न आणि मालमत्तेच्या शपथपत्रावर. रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या निकालापासून ते दोघांनाही ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते आणि जाबदाराला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. बहुतेक अर्ज कमकुवत होतात ते इथे. "मुलासाठी दरमहा २५,००० द्यावेत" असे मोघम लिहिले की न्यायालय अंदाजाने आठ-दहा हजारांवर येऊन थांबते. त्यापेक्षा खर्च फोडून मांडा.

समजा पुण्यातला सात वर्षांचा मुलगा आहे. शाळेची फी वर्षाला ७२,००० म्हणजे महिन्याला ६,०००. व्हॅन १,८००. वह्या-पुस्तके, गणवेश, बूट वर्षाला ९,००० म्हणजे ७५०. दूध, किराणा, फळे ५,०००. घरभाडे १८,०००, घरात आजी, आई आणि मुलगा अशी तीन माणसे, म्हणून मुलाचा वाटा ६,०००. औषधपाणी १,०००, क्लास १,५००, कपडे १,०००. बेरीज २३,०५०. वडिलांच्या हातात महिन्याला ७०,००० येतात आणि आईच्या ३५,०००, म्हणजे प्रमाण दोनास एक. वडिलांचा वाटा साधारण १५,४००. हा हिशेब न्यायालयाला बांधील नाही, पण प्रत्येक ओळीला पावती जोडलेली असेल तर समोरच्या वकिलाला ती एकेक करून खोडावी लागते. घरभाड्यातला मुलाचा वाटा लिहायचा बहुतेकजण विसरतात आणि तीच बऱ्याचदा सर्वांत मोठी रक्कम असते.

नवऱ्याने दावा लागताच नोकरी सोडली किंवा तो उत्पन्न लपवतो.

"मला काम नाही" या सबबीवर सुटका होत नाही. धडधाकट माणसाने मोलमजुरी करूनही बायको-मुलांना सांभाळले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही स्पष्ट सांगितले आहे. तरीही पुरावा तुम्हालाच गोळा करावा लागतो. नोकरदार असेल तर फॉर्म १६ आणि बँकेचे उतारे हजर करण्याचा आदेश मागा. दुकानदार असेल तर जीएसटी नोंदणी, दुकानाचा परवाना, जागेचा भाडेकरार. शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ काढा, ऊस जात असेल तर कारखान्याची बिले मागवा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असला तरी पीक कोण घेतो हे दाखवता येते. गाडीचा हप्ता, सोसायटीचे कर्ज आणि स्वेच्छेने वाढवलेली भविष्य निर्वाह निधीची कपात दाखवून "हातात काहीच उरत नाही" म्हणणाऱ्यांचे तेही शपथपत्रावर तपासून घ्या.

मी कमावते. तरी मुलाची पोटगी मिळेल?

मिळेल. आई कमावती असली की तिच्या स्वतःच्या पोटगीवर परिणाम होतो, मुलाच्या नव्हे. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा आणि आईचे उत्पन्न पुरेसे असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा, असे रजनेश निकालात म्हटले आहे. मूल वडिलांकडे राहत असेल तर तेही आईकडून वाटा मागू शकतात. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने जबाबदारी दोघांवर टाकली आहे.

पोटगी कोणत्या तारखेपासून मोजतात?

अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून. आदेश चौदा महिन्यांनी झाला आणि रक्कम ८,००० ठरली, तर त्या दिवशीच १,१२,००० थकबाकी झालेली असते. "समेट होतोय का बघू" म्हणत अर्ज लांबवला तर ते महिने परत मिळत नाहीत. अर्ज लावूनही समेट करता येतो.

आदेश झाला, पण पैसे येत नाहीत. काय करायचे?

पोटगीत सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे, कारण लोक वाट पाहत बसतात. कलम १४४ खालच्या आदेशाची थकबाकी वॉरंटने वसूल करायची असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वीस महिने थांबून अर्ज केला तर या मार्गाने शेवटच्या बारा महिन्यांचेच पैसे मागता येतात. म्हणून तीन-चार महिने चुकले की वसुली अर्ज लावा आणि पुढेही ठराविक काळाने लावत राहा.

अर्जासोबत आदेशाची प्रमाणित नक्कल, महिनावार तक्ता (देय, मिळाले, बाकी) आणि बँकेचा उतारा द्या. न्यायालय जप्तीचे वॉरंट काढते. तरीही भरले नाही तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही. ते सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

आदेश हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. त्यात पगारावर टाच आणता येते. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, बाकी जप्त होऊ शकतो. मालकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि कर्मचारी क्रमांक दिला तर काम लवकर होते.

देणाऱ्यांसाठीही एक सूचना : रोख देऊ नका. बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात "मुलाची पोटगी, जून २०२५" असे लिहा. वाढदिवसाला दिलेली सायकल पोटगीत धरली जात नाही.

ती मुलाला भेटू देत नाही, म्हणून मी पैसे थांबवले. बरोबर ना?

नाही. तो पैसे देत नाही म्हणून भेट बंद करणे, हेही तितकेच चुकीचे. दोन्ही आदेश स्वतंत्र आहेत. भेट मिळत नसेल तर ठरलेल्या दिवशी जाऊन आल्याची नोंद ठेवा, साध्या भाषेत संदेश पाठवा आणि न्यायालयात अर्ज करा. दोन्हीकडचा राग शेवटी त्या एका लेकराच्या वाट्याला येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला "बाबा पैसे देत नाहीत" आणि "आई येऊ देत नाही" यांतले काय खरे ते ठरवायला लावू नका.

ताबा कोणाला मिळतो?

पाच वर्षांच्या आतले मूल साधारणपणे आईकडे राहते. त्यापुढे मुलाचे हित हा एकमेव निकष : शाळा, घरचे वातावरण, आजवर सांभाळ कोणी केला, समजत्या वयाच्या मुलाचे म्हणणे. जास्त पगार म्हणजे ताबा, असे समीकरण नाही. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा आणि संपर्काचा हक्क असतो. शनिवार-रविवार, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीचा अर्धा भाग, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. "सोयीनुसार भेट" असे कधीही लिहू नका. "दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, नेणे-आणणे वडिलांकडे" असे लिहा.

संमतीच्या अटींत मुलासाठी काय काय असावे?

दरमहा रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक. दरवर्षीची वाढ. १५,००० वर आठ टक्के वाढ असेल तर पाच वर्षांनी ती सुमारे २२,००० होते, वाढ नसेल तर १५,००० च राहते आणि शाळेची फी मात्र थांबत नाही. शाळेची फी थेट शाळेला कोणी भरायची. आरोग्यविम्यात मुलाचे नाव कोण चालू ठेवणार आणि विम्याबाहेरचा दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा. पासपोर्टसाठी दोघांची संमती कशी मिळणार. शहर बदलायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे.

"आईने मुलाच्या पोटगीवरचा हक्क कायमचा सोडला" हे वाक्य मसुद्यात दिसले तर ते काढायला सांगा. मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही. अशा अटीनंतरही मुलासाठी अर्ज होऊ शकतो, पण मधली वर्षे वाया जातात.

मूल अठरा वर्षांचे झाले की पोटगी बंद?

कलम १४४ खाली साधारणपणे हो. अपंगत्व किंवा आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मुलाची चालू राहते. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली पुढेही मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितले. मुलगा मात्र बारावीनंतर, खर्च सर्वांत वाढतो नेमका तेव्हा, उघड्यावर पडतो. म्हणून पदवी पूर्ण होईपर्यंतचा शिक्षणखर्च संमतीच्या अटींतच लिहून घ्या.

मुस्लिम, ख्रिस्ती किंवा गोव्यातले लग्न असेल तर?

एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पत्नीला "खुला" (पत्नीने मागितलेला तलाक) किंवा १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयीन घटस्फोट घेता येतो. मुलांची पोटगी वडिलांकडून मागता येते, हे १९९७ पासून स्पष्ट आहे. घटस्फोटित मुस्लिम पत्नीही जुन्या कलम १२५ खाली येते, असे जुलै २०२४ च्या निकालात म्हटले आहे. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू असून त्याच्या कलम १०अ मध्ये परस्पर संमतीसाठी दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिलेली आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान कुटुंब कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, म्हणून तिथे वाटणीचा प्रश्न घटस्फोटासोबतच येतो.

एकजण परदेशात आहे.

अमेरिकेतल्या न्यायालयाने एकतर्फी दिलेला घटस्फोट इथे आपोआप मानला जात नाही. लग्न ज्या कायद्याखाली झाले त्यातले कारण आणि दुसऱ्या बाजूचा स्वेच्छेने सहभाग, या दोन्ही गोष्टी १९९१ च्या निकालापासून पाहिल्या जातात. तिकडून समन्स आले तर गप्प बसू नका, वकिलामार्फत हरकत नोंदवा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. मूल इकडे किंवा तिकडे नेण्याआधी लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी असलेली बरी.

घटस्फोटानंतर लगेच दुसरे लग्न करता येते का? त्याने पोटगी बदलते का?

परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते. लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत, सुरक्षित म्हणजे नव्वद दिवस, थांबा आणि अपील दाखल झाले नसल्याची खात्री करा. पत्नीने पुनर्विवाह केला की तिची पोटगी थांबते, पहिल्या लग्नातल्या मुलाची नाही. वडिलांनी दुसरा संसार थाटला म्हणूनही ती आपोआप कमी होत नाही. नोकरी गेली, पगार वाढला, मुलाला मोठे आजारपण आले, असे काही खरोखर बदलले तर कोणालाही रक्कम बदलण्यासाठी अर्ज करता येतो. नवा आदेश होईपर्यंत जुनी रक्कम भरावीच लागते.

निकालानंतर कोणते कागद सांभाळायचे?

हुकूमनाम्याच्या निदान तीन प्रमाणित नकला घ्या : एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा माहेरी, एक वापरायला. संमतीच्या अटींची नक्कल त्याला जोडलेली आहे ना, हे काउंटरवरच पान उलटून बघा. पोटगी जमा होणाऱ्या खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी काढून त्याच फाइलला लावा. शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या वर्षवार ठेवा. थर्मल कागदावरच्या पावत्यांची अक्षरे उडतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा.